२०११ ची ओम्नी: इंजिन बांधून घ्यावं की गाडीच बदलावी? (कोल्हापूर)

चटणीवाली_बावडा

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, पण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात. म्हणून सगळं एकदाच लिहिते.

गाडी मारुती ओम्नी, पेट्रोल, जुलै २०११ ची, एमएच-०९ पासिंग. मामंजींनी नवीन घेतलेली. मीटरवर १ लाख ३४ हजार झालेत. गेली काही वर्षं ती माझ्याच ताब्यात आहे, कारण घरात दुसरं कुणी तिच्यात बसायला राजी नाही. मिरचीचा वास सीटमध्ये इतका मुरलाय की आमचा मुलगा कॉलेजला सोडते म्हटलं तरी केएमटीनं जातो.

माझा कांदा-लसूण चटणीचा घरगुती धंदा आहे. घर कसबा बावड्यात, काम मागच्या पडवीत. आठवड्यातून दोनदा लक्ष्मीपुरी आणि राजारामपुरीतल्या दुकानांना माल टाकते, अधूनमधून इचलकरंजी, सांगली. खरी घाई आता सुरू होणार. गडहिंग्लजच्या बाजारातून जवारी मिरची आणायची, बेडगी आणायची, आणि मार्चपासून मे संपेपर्यंत लोकांची वर्षाची चटणी. त्या तीन महिन्यांत गाडी दारात उभी राहिली तर माझं वर्ष गेलं. एरवी महिन्याला हजारभर किलोमीटर होतात.

आता दुखणं. गेल्या पावसाळ्यापासून गाडी ऑइल खायला लागली आहे. साधारण ८०० किलोमीटरला एक लिटर. सकाळी चालू केली की मागं निळसर धूर, शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात. गरम झाल्यावर कमी होतो, पण जात नाही. जोतिबाच्या चढाला आरशात दिसतो.

ज्यांनी ओम्नी चालवलेली नाही त्यांच्यासाठी: इंजिन पुढच्या सीटखाली असतं. वाटेत ऑइल घालायचं म्हणजे आधी बाजूच्या सीटवरचे डबे खाली उतरवून रस्त्याकडेला मांडायचे, मग सीट उचलायची. त्या फटीत मिरचीची पूड जाऊन बसलेली असते. इंजिनाच्या धगीनं ती तापते आणि सीट उचलली की थेट नाकात. मागं एकदा व्हीनस कॉर्नरला असा ठसका लागला की ट्रॅफिकच्या पोलिसानं पाणी आणून दिलं.

दुसरं, पत्रा. २०१९ च्या पुरात गाडी माझ्या माहेरी होती, नदीकाठच्या गावात. उंचावर लावली होती तरी पाणी फ्लोअरच्या वर आलं. इंजिनात गेलं नाही असं तेव्हाचा मिस्त्री म्हणाला. पण सरकत्या दाराखालचा पत्रा तेव्हापासून फुगत चाललाय.

मिळालेले आकडे असे. एका गॅरेजनं पूर्ण इंजिन कामाचे ४२ हजार सांगितले, क्लच प्लेट धरून. दुसऱ्यानं भंगारातल्या गाडीचं हाफ इंजिन २४ हजारात बसवून देतो, दोन दिवसांत गाडी हातात, असं सांगितलं. पत्रा आणि रंग १८ हजार वेगळे. शोरूममध्ये मारुतीचीच ईको व्हॅन बघून आले, ऑन रोड ६ लाख २० हजारांच्या आसपास, ओम्नीचे ४५ हजार धरतो म्हणाले. साडेचार लाखांचं कर्ज काढलं तर ५ वर्षं महिना ९,४५० रुपये हप्ता.

आणि वरून जुलैमध्ये गाडीला १५ वर्षं होतात, म्हणजे पासिंगही, आरटीओत तपासून नोंदणी वाढवून घेणं, आलंच.

घरात मतं तीन. हे म्हणतात, विकून टाक, रोजची कटकट नको. मामंजी म्हणतात, या गाडीनं कधी कुणाला वाटेत सोडलं नाही, इंजिन बांधा. मुलाचं मत विचारू नका, त्याला सेकंड हँड थार हवी आहे.

मला भावनेचं उत्तर नको, तेवढं घरात भरपूर आहे. तुम्ही असता तर पैसे कुठं घातले असते?

---

टेंबलाई_टेकडी

वहिनी, गाडी अजून जाळ अन् धूर संगटच काढतीय म्हणजे कोल्हापूरचीच आहे, पासिंग बघायची गरज नाही 😄

चेष्टा सोडा. माझं मत, ४२ हजार अजिबात घालू नका. ओम्नी कंपनीनं २०१९ मध्येच बंद केली, नव्या सुरक्षा नियमात ती बसत नव्हती. पुढं बॉनेट नाही, चालवणाऱ्याचे गुडघे हाच बंपर. आता कागल-सातारा सहापदरीचं काम, जागोजागी वळवलेला रस्ता, त्यात उसाच्या ट्रॉल्या. सांगलीला जाताना मला तरी भीती वाटेल.

२०१८-१९ ची ईको बघा, अडीच-तीन लाखांत मिळून जाईल. फक्त पुरात बुडालेली घेऊ नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरातल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्यात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा, आतल्या टोकाला चिखलाचा डाग असतो. वरचा भाग सगळे धुतात, तो कुणी धुत नाही.

आणि १५ वर्षं झाली की गाडी भंगारातच घालावी लागते ना आता? मग विषयच संपला.

---

उद्यमनगरचा_मिस्त्री

ताई, रामराम. आमचं गॅरेज शिवाजी उद्यमनगरात. आता पोरगा बघतोय, मी खुर्चीवर बसून नुसता शिव्या घालतोय. ओम्नी आम्ही शेकड्यानं खोलल्यात, तेव्हा जरा ऐका.

पहिली गोष्ट, ४२ हजार सांगणारा चोर न्हाई आणि २४ हजार सांगणारा देव न्हाई. पण दोघांनी इंजिन तपासलं का, हे तुम्ही लिहिलंच न्हाई. माझा अंदाज, दोघांनी धूर बघितला आणि आकडा सांगितला. धूर सगळेच बघत्यात. धूर कधी येतोय ते बघायचं असतं.

रात्रभर गाडी उभी राहिली, सकाळी चालू केल्यावर भपकारा आला आणि मिनिटात थांबला, तर व्हॉल्व्हचे सील कडक झालेत. रात्रीत ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून खाली झिरपतंय आणि सकाळी जळतंय. चढाला, लोड असताना, सारखा धूर येत असंल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, न्हाईतर बोअर खाल्ला, म्हणजे सिलिंडर आतून झिजला. तुमच्यात दोन्ही लक्षणं लिहिल्यात, म्हणून नुसतं वाचून सांगता येत न्हाई.

फुकटातली परीक्षा सांगतो. जोतिबाला जाऊन या. उतरताना गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटरवरचा पाय पूर्ण काढा, गाडी इंजिनावर उतरू द्या. खाली सपाटीला आल्यावर पाय दाबा आणि आरशात बघा. भस्सकन ढग आला तर सील. उतारावर इंजिन आतून ओढ घेतं, तवा सैल सीलातनं ऑइल खाली येतं. देवदर्शन आणि तपासणी एकाच पेट्रोलात.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब किती धरतोय, ते बघून घ्या. तिन्ही प्लग काढायचे, इंजिन गरम पाहिजे, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा आणि एकेका सिलिंडरचा आकडा लिहून घ्यायचा. नंतर प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून परत मोजायचं. आकडा चढला तर रिंगा, कारण ऑइलनं फट तेवढ्यापुरती बुजली. चढला न्हाई तर व्हॉल्व्ह. ह्याला काही शे रुपये पडत्यात, जास्त मागितले तर उठून या. आणि त्याच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघायला सांगा. तो चोंदला की इंजिनाच्या पोटात वारा कोंडतो आणि ऑइल भलत्या वाटेनं बाहेर पडतं. शे-दोनशे रुपयांची वस्तू हाय, पण ती बदलून कुणाचं पोट भरत न्हाई, म्हणून कुणी सांगत न्हाई. (माझा पोरगाही न्हाई सांगत.)

नुसते सील असतील तर हेड उतरवून, गॅस्केट घालून, सहा-सात हजारांत काम. रिंगा असतील तर मग ४२ जवळचा आकडा बरोबर हाय. बोअर आपल्या उद्यमनगरातच होतो, माल बाहेरगावी पाठवायला लागत न्हाई.

हाफ इंजिनच्या वाटेला जाऊ नका. कारण सांगतो. हाफ इंजिन म्हणजे ब्लॉक आला, आणि नंबर ब्लॉकवर असतो. तुमची गाडी जुलैत आरटीओला पासिंगला जाणार, तिथं साहेब इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी ताडून बघणार. आरसीवर एक, ब्लॉकवर दुसरा, मग काय सांगणार? नंबर बदलून नोंद करता येतो, पण त्याला इंजिन कुठून आलं ह्याचं बिल लागतं. दोन दिवसांत बसवून देणाऱ्याला म्हणा, पक्कं बिल आणि मूळ गाडीचे कागद दे. किती दिवस लागत्यात ते मग बघू.

आता मुद्द्याचं. तुम्ही सगळं इंजिनावर लिहिलंय आणि पत्रा चार ओळींत उरकलाय. मी असतो तर उलटं केलं असतं. इंजिन कवाबी बांधता येतं, कुजलेली गाडी बांधता येत न्हाई. ओम्नीला जीपसारखी वेगळी चासी न्हाई. खालचा पत्रा हीच चासी. त्यात पोकळ पेट्या असत्यात, दोन पत्रे जोडून केलेल्या. पुराचं पाणी त्या पेट्यांत शिरतं, पाणी वाळतं, गाळ आत राहतो. पुढच्या पावसाळ्यात तो गाळ परत ओला होतो. वरून रंग झकास आणि आतून कूज चालू.

गाडी रँपवर घ्या, मोठा पेचकस आणि छोटी हातोडी घ्या, आणि स्वतः खाली जा. दुसऱ्यावर सोडू नका. सरकत्या दाराखालचा पत्रा कुजलाच असणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ती पट्टी मारून निघते. बघायचं ते मागच्या पाट्याच्या स्प्रिंगा जिथं बॉडीला टांगल्यात ते हँगर. चारी ठिकाणी हातोडीनं ठोका. खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आवाज आला तर पेचकस रेटून बघा. मग पुढच्या सीटखालची आडवी पेटी आणि जॅक लावायची जागा. काळं अंडरकोटिंग फासलेलं असंल तर ते खरवडून बघा. कूज झाकायला त्याच्यासारखी सोय न्हाई.

हँगर धड असतील तर सील घाला, पट्टी मारा, पासिंग करा आणि पाच वर्षं चटणी विका. एकही हँगर आतून गेला असंल तर इंजिनात एक रुपया घालू नका, मग ते नुसते सील का असंनात. तुम्ही माणसं बसवून फिरत न्हाई, पोती घालून फिरताय. सगळा भार तिथंच येतो.

जाता जाता एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय. ऊस आपला, इथेनॉल आपलं, त्याचा अभिमान हायच, पण २०११ च्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी केलेले न्हाईत. गाडी ठेवायची ठरवली तर पेट्रोलचे पाइप आणि फिल्टर नवे घाला. इंजिन सीटखाली, म्हणजे पाइप गळला तर तुमच्याच बुडाखाली. मायलेज जरा उतरंल, त्यासाठी मिस्त्रीला धरू नका.

---

सातवी_गल्ली

टेंबलाई, १५ वर्षांनी सक्तीनं भंगार हा दिल्लीचा नियम लोकांनी सगळीकडं चिकटवलाय. आपल्याकडं खाजगी गाडी तपासणीत पास झाली की नोंदणी ५ वर्षांनी वाढते. मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत अर्ज करायचा, फॉर्म २५. चारचाकीची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, आधी ६०० होती. पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला तर महिन्याला ५०० दंड. गाडी २० वर्षांची झाली की हीच फी १०,०००, ते ऑगस्ट २०२५ पासून. ताई, तुमचे ते ६० दिवस मे महिन्यात सुरू होतात, म्हणजे ऐन चटणीत. जुन्या नंबर प्लेटवर पासिंगला जाऊ नका, नवीन हाय सिक्युरिटी प्लेट चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी आहे, ती आधी बसवा.

मी बँकेत होतो, तेव्हा मिस्त्रींचं इंजिन त्यांच्याकडं ठेवून मी फक्त कागद बघतो.

८०० किलोमीटरला लिटर आणि महिन्याला हजार किलोमीटर, म्हणजे महिन्याचं जादा ऑइल साडेचारशे रुपयांच्या आसपास. ४२ हजार त्यानं भागा, ९३ महिने येतात, पावणेआठ वर्षं. ऑइल वाचवायला इंजिन बांधत असाल तर ते परवडत नाही, एवढंच या हिशोबातून कळतं. मात्र ऑइल जाळणारी गाडी पीयूसीला अडते आणि पीयूसी नाही तर पासिंग नाही. म्हणजे जुलैपर्यंत गाडी ओढायची असेल तर नुसतं ऑइल घालणं स्वस्त, जुलैच्या पुढं न्यायची असेल तर काम करावंच लागेल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरात बहुधा एकच समजून भांडण चाललंय.

कर्ज: ९,४५० गुणिले ६०, ५ लाख ६७ हजार. व्याज १ लाख १७ हजार. सीझनचे पैसे हातात आल्यावर मेअखेर गाडी घेतली आणि कर्ज तीन लाखांवर आणलं तर चित्र बदलतं. आज, सीझनच्या तोंडावर, मिरचीचं भांडवल गाडीत अडकवू नका. मिरची नसेल तर गाडीचं करणार काय?

आता जे कुणीच बोललं नाही ते. ताई, तुमची ओम्नी पांढऱ्या पाटीची, म्हणजे खाजगी आहे. तुमच्या विम्याची पॉलिसी काढा आणि 'वापराच्या मर्यादा' असं लिहिलेलं कलम वाचा. खाजगी गाडीच्या पॉलिसीत माल वाहतूक वगळलेली असते, नमुने आणि स्वतःचं सामान सोडून. चटणीची पोती हे स्वतःचं सामान आहे असं तुम्ही म्हणाल, कंपनी म्हणणार नाही. अपघात झाला आणि आत दोन क्विंटल मिरची सापडली तर वाद होणार. नुसता थर्ड पार्टी असेल तर वर्षाला २,०९४ अधिक कर भरून तुम्ही निवांत असाल, पण ते निवांतपण कागदावर टिकत नाही.

म्हणून नवी घ्यायची तर शोरूमनं दाखवलेली प्रवासी ईको घेऊन तीच गोष्ट पुन्हा करू नका. कार्गो मॉडेल बघा, पिवळ्या पाटीचं, म्हणजे मालवाहू. पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, नंतर दर वर्षी, हा एक त्रास आहे. पण तुमच्या हलक्या वाहनाच्या लायसनवरच ती चालवता येते. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला वेगळा परवाना लागत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलं. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर मालवाहू गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, प्रवासी गाडीवर मिळत नाही. सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर १८ टक्के झालाय, त्याआधी २८ होता. ही रक्कम लहान नाही, सीएला विचारा.

तोटा सांगून ठेवतो. प्रवासी ईकोत आता ६ एअरबॅग आल्यात, कार्गोत किती आहेत ते शोरूममध्ये लेखी विचारून घ्या. आणि कार्गोत मागं सीट नाही. घरच्यांना जोतिबाला न्यायचं असेल तर...

---

टेंबलाई_टेकडी

सर, त्यांचा मुलगा आत्ताच केएमटीनं जातोय, सीट कुणाला हवीय 😄 भंगाराचं माझं चुकलं, सोडा.

---

चटणीवाली_बावडा

सगळ्यांचे आभार. सांगितलं ते करून मगच लिहिते आहे.

जोतिबा झाला. उतारावरून खाली आल्यावर पाय दिला आणि मागं जो ढग उठला, त्यात मागचा दुचाकीवाला दिसेनासा झाला. पुढं येऊन त्यानं मला काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. म्हणजे सील नक्की. कॉम्प्रेशनमध्ये दोन सिलिंडर जवळजवळ सारखे, तिसरा कमी. त्यात चमचाभर ऑइल घातल्यावर आकडा चढला. सील तर गेलेच, पण एका सिलिंडरच्या रिंगाही थकल्यात. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढला तर डांबर भरल्यासारखा गच्च. नवा घातला, दीडशे रुपये. त्यानंतर ऑइल थोडं कमी जातंय असं वाटतं, पण अजून नीट मोजलेलं नाही.

मग रँप. मिस्त्रीकाका, तुम्ही म्हणालात म्हणून स्वतः खाली गेले. ह्यांनी उजेडाला बॅटरी धरली. दाराखालचा पत्रा पेचकसानं बिस्किटासारखा तुटला, ते अपेक्षित होतं. उजवीकडचे दोन्ही हँगर खणखणीत. डावीकडचा पुढचाही ठीक. डावीकडच्या मागच्याला हातोडी मारली तर आवाजच वेगळा. पेचकस जरा रेटला, तो मुठीपर्यंत आत गेला, आणि बाहेर काढल्यावर भोकातून करडी, मऊ माती गळायला लागली. हातावर घेऊन बघितली. २०१९ मध्ये माहेरच्या ओसरीवरून खोऱ्यानं काढलेली तीच माती. सहा-साडेसहा वर्षं मी ती घेऊन फिरत होते आणि वरून दर दिवाळीला गाडी पॉलिश करून आणत होते.

हे म्हणाले, झालं, ठरलं. मामंजींना फोटो दाखवला. ते बराच वेळ फोटो मोठा करून बघत बसले, मग म्हणाले, "इंजिनाला काय झालं नव्हतं तिच्या." मी वाद घातला नाही.

तर आता असं ठरवलंय. इंजिनाला हात लावायचा नाही, ना सील, ना रिंगा. मे संपेपर्यंत ऑइल घालून गाडी चालवायची, पण फक्त शहरात आणि हलका माल. गडहिंग्लजची मिरची भाड्याच्या टेम्पोनं आणणार. भावकीतल्याच एकाचा आहे, दर ठरवून आले. जड पोती ओम्नीत घालणार नाही. पासिंगचा अर्ज करायचा नाही. सीझनचा पैसा आला की मेच्या शेवटी कार्गो बुक करायची, कर्ज तीन लाखांच्या आत. जीएसटी नोंदणी माझी आहे, दोन वर्षांपूर्वी एका दुकानदारानं मागितली म्हणून काढली होती. तिचा हा उपयोग सीएनंही कधी सांगितला नव्हता. पॉलिसीतलं कलम वाचलं, सातव्या गल्लीतल्या सरांनी लिहिलं तसंच आहे, बारीक अक्षरात.

कार्गोत बाजूला एकच सीट. मुलाला सांगितलं, त्याला आनंदच झाला.

एक शंका राहिली. तो हँगर चार महिने टिकेल का? आणि नंतर या गाडीचं करायचं काय? शोरूमवाला ४५ हजार देतो म्हणाला होता, पण त्यानं खाली वाकून बघितलेलं नाही. भंगारवाला वजनावर २० हजारांच्या आत बोलतोय.

---

उद्यमनगरचा_मिस्त्री

ताई, तसाच न्हाई टिकणार. मोकळी गाडीसुद्धा चालवू नका, आधी पट्टी मारून घ्या. तीन एमएमचा पत्रा, कुजलेला भाग कापून धड पत्र्यापर्यंत नेऊन जोडायचा, नुसता वरून चिकटवायचा न्हाई. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायला लावा आणि पेट्रोलची टाकी कुठं हाय ते वेल्डरला दाखवा, तो विचारणार न्हाई. दोन-अडीच हजारांत होईल. हे काम चार महिन्यांपुरतं, पासिंगला न्यायच्या लायकीचं न्हाई, तेव्हा मन बदलू नका. माल मधल्या जागेत ठेवा, मागच्या दाराला टेकवून न्हाई.

४५ हजार कुणी देत असंल तर खाली काय हाय ते सांगूनच द्या. घेणारा ती पोरांच्या शाळेला लावणार न्हाई कशावरून? माझं विचाराल तर नोंदणीकृत स्क्रॅप सेंटरला द्या. पैसे कमी मिळतील, पण ते सर्टिफिकेट देत्यात. त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि रोड टॅक्समध्येही सूट हाय. तुमच्या पिवळ्या पाटीला ती किती लागू होते ते बुकिंगच्या आधी आरटीओत विचारा, ताराबाई पार्कात खिडकीवर जाऊन, एजंटला न्हाई. नाक्यावरच्या भंगारवाल्याला दिली तर गाडी तुटंल, पण आरसी तुमच्या नावावर जिवंत राहील, आणि ते इंजिन कुणाच्या तरी ओम्नीत हाफ इंजिन म्हणून जाईल.

कुणाला विकायचीच ठरली तर मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, आरटीओत दाखल केल्याची पोच हातात आल्यावरच चावी द्या. नाव बदललं न्हाई तर मालक कोण धरत्यात, ते कलम सर, तुम्ही सांगा, माझा पोरगा हाका मारतोय.

---

सातवी_गल्ली

कलम लांब आहे, अर्थ सोपा आहे. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. गाडी दुसऱ्यानं ठोकली तरी भरपाईची नोटीस बावड्यालाच येणार. वेल्डिंगचं बिलही घ्या ताई, कच्चं नको.